पोकरमध्ये शेवटच्या पानावर अचानक बेट (पैज) आली तर काय करता? मदत हवी आहे

सॅन होजेच्या कार्डरूममध्ये ४-८ लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार; बेट ठरलेली, आधी ४ आणि नंतर ८ डॉलर) खेळतो. परवा हातात एक्का-राजा आले, त्यावर रेझ केलं (बेट वाढवली), दोघे आत आले. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं): राजा, नव्वी, दुर्री. मी बेट लावत गेलो. टर्नला (चौथं पान) सत्ती आली, तिथे एक जण पानं टाकून बाहेर गेला. उरलेले आजोबा तासाभरात एकदाही स्वतःहून बेट न लावलेले, नुसतं कॉल करणारे (समोरच्याच्या बेटइतकेच पैसे टाकणारे). रिव्हरला (शेवटचं पान) दुसरी नव्वी पडली आणि त्यांनी माझ्याआधीच ८ डॉलर पुढे सरकवले!

पॉटमध्ये (जमलेल्या पैशांत) त्यांचे ८ धरून ६२ होते, म्हणजे आठातून एकदा जिंकलो तरी कॉल परवडतो. मी कॉल केला, त्यांच्याकडे नव्वी निघाली, म्हणजे तीन नव्व्या, आणि मी हरलो. इतका शांत खेळाडू असा जागा झाला की आठातून एकदा तरी आपण पुढे असतो का? हीच बेट टर्नला आली असती तर रेझ करावं का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा, फार घोळतंय डोक्यात.