डे मॉइन, आयोवा: मुंबईहून जानेवारीत जायचंय, घर-गाडी-थंडीची तयारी कशी करावी?

मुलुंडची_गौरी
नवऱ्याची डे मॉइनला बदली झालीय, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय. ऑफिस डाउनटाउनला आहे. लेक जुलैत पाच पूर्ण करेल. आमचं आजवरचं सगळं लोकल, बेस्ट आणि पायी. शिकागो-न्यूयॉर्कची माहिती ढीगभर मिळते, पण अशा मध्यम शहराबद्दल मराठीत काहीच सापडत नाही. पहिला महिना गाडीशिवाय निघेल का? घर कुठे बघावं? गरम कपडे इथून न्यावेत का? स्वयंपाकघरातलं काय न्यावं?

वळणवाट
घर आणि गाडी हा तिथे एकच प्रश्न आहे, वेगवेगळे ठरवू नका.

डाउनटाउनमध्ये इमारती जोडणारे स्कायवॉक आहेत, सुमारे चार मैलांचं जाळं. आपल्या वांद्र्यासारखे उघडे नाहीत, काचबंद आणि गरम. त्याला जोडलेल्या इमारतीत घर मिळालं तर ऑफिसला कोट न घालता जाता येतं. पण आतली दुकानं प्रामुख्याने ऑफिसवाल्यांच्या जेवणाच्या वेळेवर चालतात. आठवड्याचा किराणा, डॉक्टर, मुलीची शाळा यांसाठी गाडी लागणारच. डार्टच्या बस आहेत, पण संध्याकाळी आणि रविवारी फेऱ्या विरळ होतात, आणि उणे पंधरात थांब्यावर मुलीला घेऊन उभं राहणं मी तरी सुचवणार नाही. महिनाभर निभेल, त्यापुढे नाही.

वेस्ट डे मॉइन, वॉकी, अर्बनडेल, जॉन्स्टन, अँकनी ही उपनगरं. शाळा पत्त्यावरून ठरते आणि इथेच लोक फसतात: शाळांच्या जिल्ह्यांच्या हद्दी शहरांच्या हद्दींशी जुळत नाहीत. वॉकी जिल्ह्यात वेस्ट डे मॉइन, क्लाइव्ह आणि अर्बनडेलचेही काही भाग येतात. गावाचं नाव बघून करार करू नका, नेमका पत्ता जिल्ह्याच्या साइटवर टाकून तपासा. आयोवात किंडरगार्टनसाठी 15 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमची लेक याच ऑगस्टमध्ये जाईल. लसीकरणाची सगळी नोंद, तारखांसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

भाड्याची अनामत तिथल्या कायद्याने दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घर सोडल्यावर आणि नवा पत्ता लेखी दिल्यावर 30 दिवसांत ती परत करावी लागते, किंवा कापलेल्या रकमेचं लेखी कारण द्यावं लागतं. शिरतानाच प्रत्येक भिंतीचे, गालिच्याचे फोटो काढून मेल करून ठेवा.

लायसन्ससाठी इथूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढा: आरटीओचा फॉर्म 4ए, 1,000 रुपये, एक वर्ष चालतो. तिथे मूळ लायसन्ससोबतच दाखवायचा असतो, एकटा निरुपयोगी. आणि तिथे स्थायिक होणाऱ्याने आयोवाचं लायसन्स लगेच काढायला घ्यावं, वर्षभर यावर राहू नये. गाडीच्या विम्याची कायद्याने किमान मर्यादा 20/40/15 हजार डॉलर आहे, म्हणजे अनुक्रमे एका जखमीसाठी, अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी. एका अपघाताच्या दवाखान्याच्या बिलाला ती पुरत नाही, 100/300 घ्या. अमेरिकेत गाडी चालवल्याचा इतिहास नसल्याने हप्ता सुरुवातीला जास्तच येतो.

हिवाळा_पक्का
थर्मल मुंबईतून घ्या, स्वस्त पडतात, पण पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचे. सुती नकोत, घाम धरून ठेवतात आणि बाहेर पडल्यावर अंग गार पडतं. मांडीपर्यंतचा जाड कोट आणि बूट तिथेच घ्या. बूट अर्धा नंबर मोठा हवा, कारण पायमोजा जाड असतो आणि घट्ट बुटात बोटं जास्त गारठतात.

जानेवारीत रात्री सरासरी उणे दहा सेल्सियसच्या आसपास, लाट आली तर उणे पंचवीस. तापमानापेक्षा वाऱ्यासहचा आकडा बघा. तो उणे 28 झाला की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते.

मुलीबद्दल सगळ्यात महत्त्वाचं: कार सीटमध्ये फुगीर कोट घालून पट्टे लावू नका. धडकेत कोट दबतो, पट्टे सैल पडतात आणि मूल बाहेर फेकलं जाऊ शकतं. पातळ स्वेटरवर पट्टे आवळा, खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट धरता येता कामा नये. मग वरून कोट उलटा पांघरा. सहा वर्षांखालच्या मुलाला सीट कायद्याने सक्तीची आहे, म्हणून विमानतळावरून निघण्याआधीच तिची सोय करून ठेवा.

गाडीत काचेवरच्या बर्फासाठी खरवडणी, फावडं, ब्लँकेट, आणि काच धुण्याचं निळं द्रावण, उणे 20 फॅरेनहाइटचं. साधं पाणी नळीत गोठतं. तापमान दहा अंश फॅरेनहाइट उतरलं की टायरची हवा साधारण 1 पीएसआयने कमी होते, दिवा लागला म्हणून पंक्चर समजू नका. चारही चाकांना जोर असलेली गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. पूल रस्त्याआधी गोठतात, खालूनही वारा लागतो ना.

सुट्टीवर जाताना हीटर बंद करायचा नाही. 55 फॅरेनहाइटच्या खाली उतरवू नका, नाहीतर भिंतीतला पाइप फुटतो आणि खालच्या मजल्याचं नुकसान तुमच्या माथी येतं.

गोडा_मसाला
मिक्सर नेऊ नका. तिथे 120 व्होल्ट, आपला 230 चा. वळतो पण जोर नसतो, खोबरं वाटताना मोटर तापते. ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो. अमेरिकेतल्या भारतीय दुकानात 110 व्होल्टचा मिळतो.

कुकर न्या, पण सपाट बुडाचा. काचेच्या विजेच्या शेगडीला बंद करूनही पाच-सात मिनिटं ताप राहतो, म्हणून शेवटच्या शिट्टीला कुकर उचलून बाजूला ठेवायचा. नाहीतर भाताचा गिचका. फोडणीच्या वेळी धुराचा अलार्म वाजतो, कारण बऱ्याच घरांतला पंखा धूर बाहेर टाकतच नाही, गाळून परत घरातच सोडतो. आच मध्यम ठेवा आणि फोडणीवर झाकण टाका.

मेतकूट, गोडा मसाला, वाळलेलं आमसूल मूळ पाकिटात न्या, तिथल्या विमानतळावर कस्टम्सला अन्न आहे असं सांगा. तांदूळ आणि ओला कढीपत्ता घरीच ठेवा, काढून घेतात.

मुलुंडची_गौरी
फार उपयोगी. डाउनटाउनची सातव्या मजल्यावरची जागा आणि वॉकीतलं तळमजल्याचं घर असे दोन पर्याय आहेत. आणि पाणी उकळून प्यावं का?

वळणवाट
घर निवडताना टॉर्नेडोचा, म्हणजे जमिनीवर उठणाऱ्या चक्रीवादळांचा, विचार करा; त्यांचा मोसम मुख्यतः एप्रिल ते जून. "वॉच" म्हणजे शक्यता, "वॉर्निंग" म्हणजे लगेच खाली. सातव्या मजल्यावर राहणार असाल तर इमारतीचा आसरा कुठे आहे हे करारापूर्वी विचारा. जिना वापरायचा, लिफ्ट नाही. तळमजल्याच्या घरात खिडकी नसलेली आतली खोली, बहुधा बाथरूम. शाळेचा विचार करता मी वॉकी घेईन.

पाणी उकळू नका. नळाचं पाणी नद्यांचं आहे आणि शेतातल्या खतांमुळे त्यांत नायट्रेट येतं. 2025 च्या जूनमध्ये तर बागेला पाणी घालण्यावर बंदी आली होती. जलशुद्धीकरण केंद्र ते 10 मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेत ठेवतं. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट तसंच राहतं आणि पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. साधा कार्बन फिल्टरचा जग ते काढत नाही, आरओ काढतो. नायट्रेटचा धोका तान्ह्यांना जास्त, म्हणून घरात तान्हं बाळ येणार असेल तर नळाखाली आरओ बसवायची परवानगी मालकाकडून लेखी घ्या.