माळ्यावरच्या कुबड्या (अनुभव धागा: सायकल, मोडका पाय आणि नंतरचे महिने)

रामबागवाला
काल दिवाळीची साफसफाई काढली. माळ्यावर रिकाम्या डब्यांच्या मागून दोन कुबड्या निघाल्या. उजवीचं खालचं रबर एका बाजूनं घासून तिरपं झालेलं. काखेच्या गादीवर आईनं जुन्या पातळाची चिंधी गुंडाळली होती, ती अजून तशीच. बायको म्हणाली, भंगारवाल्याला देऊन टाकू. मी म्हटलं, थांब जरा. आणि शिडीच्या पायरीवर बसूनच राहिलो.

फेब्रुवारी २०१९. सकाळी सहाला इंदूरचा सुपर कॉरिडॉर, विमानतळाकडचा रुंद रस्ता. विमानतळाकडून परत येताना डिव्हायडरवरून कुत्र्यांची टोळी उतरली, मी पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि हँडलवरून पलीकडे. दुखायला लागलंच नव्हतं. पण मी उताणा आणि डावा बूट भलतीकडेच बघतोय, ते दिसलं. नडगीची दोन्ही हाडं.

एक पोहेवाला ठेला लावत होता. “भिया, हिलना मत” म्हणत धावला. शेवेच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पायाला दोन्ही बाजूंनी लावला आणि गमछ्यानं बांधला. नंतर डॉक्टर म्हणाले, ज्यानं हे केलं त्याला मिठाई द्या. सायकल त्यानं ठेल्याला साखळीनं बांधून ठेवली. सतरा दिवसांनी भाऊ आणायला गेला तर जशीच्या तशी, वर सीटला पिशवी चढवलेली.

हाडात रॉड, वरखाली मिळून चार स्क्रू. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. त्या वर्षीची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, टीव्हीवर पाहिली. राजवाडा घरापासून एवढासा, ढोल खिडकीतून ऐकू येतात, आणि मी पाय उशीवर ठेवून बसलेला.

पडण्याचे किस्से सगळेच सांगतात. मला नंतरचे महिने ऐकायचेत. लिहा.

सुदामानगर_मीनल
कचरागाडी!! कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. मुलाला क्लासला सोडून सायकलवर येत होते, चेंबरच्या झाकणावरून घसरले, घोटा. सकाळच्या वेळी घरात मी एकटी. आपल्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा करायचा, ओला, सुका, प्लास्टिक आणि बाकी सगळं, आणि गाडी येणार सकाळी गाणं वाजवत. मी वॉकर घेऊन दारापर्यंत पोचेपर्यंत गाणं पुढच्या गल्लीत. चार दिवस ओला कचरा फ्रीजमध्ये ठेवलाय मी, हसू नका. पाचव्या दिवशी गाडीवरची ताईच जिना चढून आली, “दीदी, आप दिखे नहीं.” त्यानंतर दीड महिना रोज तीच वर यायची.

आणि घरचे! पहिला आठवडा चहा हातात. दुसरा आठवडा चहा टेबलावर. तिसऱ्या आठवड्यात सासूबाई परात घेऊन आल्या, “बसल्या बसल्या मेथी निवडतेस का?”

अण्णा_लोकमान्यनगर
फ्रीजमध्ये 😂😂

टिबिया७२
माझी पण नडगी. रॉड अजून आत. विमानतळावर मशीन वाजेल म्हणून कागद घेऊन फिरतो, कधी वाजलं तर नाही. गुडघे टेकून बसता येत नाही एवढंच. रॉड गुडघ्याच्या खालूनच आत घालतात ना, तिथे टोचतं. सत्यनारायणाला मी खुर्चीवर, गुरुजी खाली. बाकी नंतर लिहितो, कुकर लागलाय.

लश्करचे_काका
मी ग्वाल्हेरचा, आता मुलाकडे इंदूरला असतो. तुमच्या त्या गेअरच्या सायकली नव्हत्या तेव्हा. १९७८. वडिलांची बावीस इंची, सीटवर बूड पोचायचं नाही, म्हणून मधल्या दांड्याखालून पाय घालून कैची चालवायची. उतारावर गाय आडवी. मांडी. घरचे दवाखान्यात नेण्याऐवजी एका हाडवैद्याकडे घेऊन गेले. त्यानं बांबूच्या कामट्या आणि अंड्याचा लेप बांधला. अंडं आमच्या घरात! आजी सोवळ्यातली, तिनं माझी खाट ओसरीवर टाकली. पाय जुळला, पण पाऊण इंच आखूड. लग्नात बुटात गत्ता घालून उभा होतो. सायकल मात्र हिरो होती का अ‍ॅटलास, आठवत नाही. अ‍ॅटलासच असावी.

अण्णा_लोकमान्यनगर
काका, आजींनी खाटेसकट ओसरीवर!

लश्करचे_काका
अडीच महिने. पण चोरून लाडू तीच द्यायची.

फिजिओ_पलासिया
काका, आता कोणी हाडवैद्याकडे जाऊ नका हो, हात जोडते. घाईत दोन-तीन गोष्टी, पेशंट बसलेत.

कुबडीचा वरचा भाग काखेत रुतवायचा नाही. काखेच्या खाली दोन-तीन बोटं जागा हवी, भार पंजावर. काखेवर लटकत राहिलात तर तिथली नस दबते आणि हाताला मुंग्या येतात. (रामबागवाले, चिंधी गुंडाळली होती म्हणजे तुम्ही लटकतच होता.)

जिना: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा. आमच्या सरांनी शिकवलेलं, “चांगला स्वर्गात, वाईट नरकात.”

पडून असताना पावलं वर-खाली, वर-खाली, तासातासाला, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर मालिश करत बसू नका, लगेच दवाखाना. रक्ताची गाठ असू शकते. आणि सिगरेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, हे नवऱ्यांना वाचून दाखवा.

सुदामानगर_मीनल
वाचून दाखवलं. “माझा पाय कुठे मोडलाय” म्हणाले.

जुनीइंदूर_प
मला त्या पहिल्या रात्रीबद्दल लिहायचंय. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. संध्याकाळी पक्कं प्लास्टर घालून घरी पाठवलं. रात्री अकराला बोटं थंड. बाराला दुखणं असं की गोळी घेतली तरी काही नाही. नवरा म्हणे, पाय मोडलाय, दुखणारच. दीडला मी मोबाईलच्या उजेडात बोटं पाहिली, अंगठ्याचं नख जांभळं, दाबलं तर पांढरं होऊन तसंच. हलवायला गेले तर बोटं माझी नाहीतच. शेजारचा मुलगा गाडी काढून घेऊन गेला. ड्यूटीवर एक पोरगेलासा डॉक्टर. त्यानं कोणाला फोन केला नाही, काही विचारलं नाही, कटर आणून वरपासून खालपर्यंत प्लास्टर चिरलं आणि आतला कापूससुद्धा कापला. मी ओरडले. मग रडले, कारण अंगठ्यात मुंग्या आल्या. मुंग्या येऊन इतका आनंद मला कधीच झाला नाही.

सकाळी मोठे डॉक्टर आले, म्हणाले, थोडी सूज होती. थोडी!

फिजिओ_पलासिया
बापरे. उशीर झाला असता तर पाय गेला असता. त्या पोराचे पाय धरा.

जुनीइंदूर_प
दर दिवाळीला फोन करते. आता भोपाळला असतो. लग्न झालं, मुलगी आहे.

टिबिया७२
कुकर झाला. माझं हाड साडेतीन महिन्यांनी पण जुळेना. डॉक्टर म्हणाले, एक स्क्रू काढू. मी म्हटलं, आधीच जुळत नाही आणि वर काढता काय? तर स्क्रूनं हाडाची दोन टोकं लांब धरून ठेवलेली असतात. तो काढला की चालताना भार पडून टोकं एकमेकांवर दाबली जातात. काढला. दोन महिन्यांनी एक्स-रेमध्ये ढगासारखं पांढरं दिसलं. तो स्क्रू चाव्यांच्या जुडग्यात आहे.

गराडूप्रेमी
प्लास्टरमध्ये खाज सुटली तर काय करता तुम्ही लोक? मी आईची स्वेटरची सुई

गराडूप्रेमी
चुकून गेलं. सुई घातली, आत जखम झाली, चिघळली. घालू नका. हेअर ड्रायर गार हवेवर लावा.

अण्णा_लोकमान्यनगर
इकडे सगळे विषयाला धरून लिहितायत, माझा फक्त एक प्रश्न. संडासाचं काय केलंत? आमच्याकडे देशीच आहे.

रामबागवाला
अण्णा, मधोमध भोक असलेली लोखंडी खुर्ची मिळते, एम वाय या सरकारी दवाखान्यासमोरच्या औषधांच्या दुकानांत भाड्यानंही. ती देशीवर ठेवायची. पहिल्या दिवशी भाऊ दाराबाहेर उभा राहून “झालं का?” विचारत होता. चाळिशीच्या माणसाला त्यापेक्षा पाय कापलेला परवडतो.

गराडूप्रेमी
मग सायकल परत चालवली का?

रामबागवाला
आठ महिन्यांनी. आधी फिजिओकडची जागच्या जागी चालणारी, तिच्यावर कुत्रे येत नाहीत. मग एका रविवारी पहाटे कॉलनीत दोन फेऱ्या. डावी पोटरी तेव्हाही उजवीपेक्षा बारीक, अजून आहे, आतल्या शिवणीपाशी पॅन्ट ढगळ होते. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावर एक कुत्रं नुसतं झोपलेलं होतं. मी उतरलो, सायकल हातात धरून त्याच्यासमोरून चालत गेलो आणि पुढे जाऊन परत बसलो. सुपर कॉरिडॉरवर अजून पोहे खायला जातो, स्कूटरवर. तो भिया पैसे घेताना प्रत्येक वेळी पायाकडे बघतो.

लश्करचे_काका
माझी अ‍ॅटलासच होती. बहिणीला फोन करून विचारलं.

राजेंद्रनगर_आई
नमस्कार. वाचत होते फक्त. माझ्या लेकाचा परवा पाय मोडला, सायकलच. दहावीत आहे. डॉक्टर म्हणाले, कुबड्या घ्या. रामबागवाले भाऊ, तुमच्या माळ्यावरच्या चालतील का? त्याची उंची पाच फूट चार.

रामबागवाला
ताई, बटण दाबून खालीवर होतात. रबर नवीन बसवून ठेवतो आजच. चिंधी काढू का?

राजेंद्रनगर_आई
असू द्या. संध्याकाळी सातनंतर येते. घर कुठलं?

रामबागवाला
मारुतीच्या देवळाच्या मागची गल्ली, निळं फाटक. बेल बंद आहे, आवाज द्या. पोहे खाऊन जा.

फिजिओ_पलासिया
ताई, हँडल मनगटाच्या रेघेच्या उंचीला लावा. हात खाली सोडून उभा करा आणि मोजा.