वसीम अक्रमवर मुलांसाठी तासभराचं सत्र: काय दाखवावं, काय टाळावं?

नेट्स_सहकारनगर

क्लबच्या १६ वर्षांखालच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिरात दर शनिवारी एका खेळाडूवर तासभर बोलायचं ठरलंय. पहिला वसीम अक्रम, पाकिस्तानचा डावखुरा वेगवान गोलंदाज. निवडीची कारणं दोन. एक, गटात उंच डावखुरा वेगवान मुलगा आहे, त्याला राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या डावीकडून येऊन टाकणं, शिकवायचंय. दोन, आणखी एकाला टाइप-१ मधुमेह आहे आणि घरचे त्याला खेळू द्यावं का, या विचारात आहेत.

यूट्यूब लावून "बघा, कसला भारी बॉल" असं म्हणायचं नाहीये. नेमकं हवंय:
१) कारकिर्दीतले कोणते पाच-सहा टप्पे घ्यावेत?
२) रिव्हर्स स्विंग मुलांना समजेल असं कसं सांगावं? सरावात काय करून घ्यावं?
३) फिक्सिंगच्या आरोपांचं काय करायचं?

मुलांचा वेग ताशी १०५ ते ११५ किमी. मैदान मुरमाड, बॉल लाल फोर-पीस.

जुनाचेंडू

टप्पे देतो. आकड्यांची खैरात नको, मुलं झोपतात.

जन्म ३ जून १९६६, लाहोर. १९८४ मध्ये न्यूझीलंडचा संघ पाकिस्तानात आला तेव्हा रावळपिंडीच्या सराव सामन्यात या पोराला खेळवलं, त्याने एका डावात ७ बळी घेतले. त्याला घ्या म्हणून हट्ट धरला जावेद मियाँदादने. त्याच नोव्हेंबरमध्ये वनडे पदार्पण, जानेवारी १९८५ मध्ये ऑकलंडला कसोटी पदार्पण आणि लगेच दुसऱ्या कसोटीत, ड्युनेडिनला, सामन्यात १० बळी. वय १८. तो सामना न्यूझीलंडने २ गडी राखून जिंकला, हे मुलांना आवर्जून सांगा. दहा बळी घेऊनही हरता येतं.

मग १९८८ पासून लँकेशायर, इंग्लंडमधला कौंटी संघ. हा टप्पा लोक गाळतात आणि माझ्या मते तिथेच चुकतात. दहा वर्षं कौंटी म्हणजे थंड हवा, ओलसर खेळपट्टी, ड्यूक बॉल आणि आठवड्यातले बहुतेक दिवस गोलंदाजी. पाकिस्तानात जुन्या बॉलची कला मिळाली, नवा बॉल कसा वापरायचा हे तिकडे पक्कं झालं. एकाच स्पेलमध्ये दोन्ही करणारा गोलंदाज असा तयार झाला.

नंतर जानेवारी १९९०, अॅडलेड: पहिल्या डावात ५ बळी, दुसऱ्या डावात संघ अडचणीत असताना कर्णधार इम्रान खानबरोबर भागीदारी करून १२३. मग २५ मार्च १९९२, मेलबर्न, विश्वचषक अंतिम सामना. १८ चेंडूंत ३३ धावा, ४९ धावांत ३ बळी, सामनावीर. स्पर्धेत १८ बळी, सर्वाधिक. तिथेच अॅलन लॅम्ब आणि ख्रिस लुइस यांचे लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळे. ३५ षटकं जुना बॉल असा फिरतो, हे दाखवायला याहून चांगली क्लिप नाही.

ऑक्टोबर १९९६, शेखुपुरा, झिम्बाब्वेविरुद्ध आठव्या क्रमांकावर नाबाद २५७, १२ षटकार. मार्च १९९९ मध्ये श्रीलंकेविरुद्ध लाहोर आणि ढाका अशा लागोपाठच्या दोन कसोटींत हॅट्ट्रिक. शेवट २००३ चा विश्वचषक, जिथे वनडेत ५०० बळी घेणारा तो पहिला ठरला. एकूण कसोटीत १०४ सामने ४१४ बळी, वनडेत ३५६ सामने ५०२ बळी. दोन्हीकडे सरासरी २३ च्या घरात.

एकच आकडा फळ्यावर लिहायचा असेल तर हा: दोन्ही प्रकारांत निम्म्याहून जास्त बळी त्रिफळा किंवा पायचीत. म्हणजे स्लिप कॉर्डनच्या (यष्टिरक्षकाशेजारी झेलासाठी उभ्या रांगेच्या) भरवशावर नाही, स्टंपवर गोलंदाजी.

फिक्सिंगचा विषय मुलांसमोर नको. तासात मावणार नाही.

मिडऑन_पौडरोड

वरच्या यादीत एक दुरुस्ती. १९९२ च्या विश्वचषकात दोन्ही टोकांना स्वतंत्र पांढरे बॉल होते. लॅम्ब गेला ते ३५ वं षटक, म्हणजे हातातला बॉल जेमतेम १७ षटकं वापरलेला. ३५ षटकं जुना नव्हे. हे मुलांना सांगितलंच पाहिजे, कारण त्यातून खरा मुद्दा निघतो: बॉल किती षटकं जुना आहे यापेक्षा त्याच्या दोन बाजूंमध्ये फरक किती पडलाय हे महत्त्वाचं. मेलबर्नच्या कोरड्या मैदानावर तो फरक १७ षटकांत पडला. इंग्लंडच्या हिरव्या आउटफील्डवर ४० षटकांतही पडेलच असं नाही.

आता रिव्हर्स. मुलांना एवढंच द्या.

नवा बॉल: सीम (शिवण) ज्या दिशेला वळवली, त्या दिशेला जातो. सीम खडबडीत बाजूची हवा ढवळते, ती हवा बॉलला जास्त वेळ चिकटून राहते आणि बॉल त्या बाजूला ओढला जातो. सीम साधारण २० अंश तिरकी.

रिव्हर्स: पुढची बाजू इतकी खरवडलेली असते की तिथली हवा सीमच्या आधीच ढवळली जाते. मग सीम उलट काम करते, त्या बाजूची हवा लवकर सुटते आणि बॉल चकचकीत बाजूकडे जातो. पाठ करायचं वाक्य एकच: रिव्हर्समध्ये बॉल चकाकीच्या मागे जातो.

तुमच्या मुलांच्या वेगाला हे पूर्ण जमणार नाही. तिरक्या सीमचा खरा रिव्हर्स यायला जुन्या बॉलनेही साधारण ताशी १३० च्या आसपास वेग लागतो. नासात काम करणाऱ्या रबींद्र मेहता यांनी यावर बरंच संशोधन केलंय (गंमत म्हणजे ते आणि इम्रान खान इंग्लंडमधल्या एकाच शाळेतले). त्यांनी मांडलेला तिसरा प्रकार तुमच्या कामाचा आहे, कॉन्ट्रास्ट स्विंग. सीम सरळ उभी ठेवायची, एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत. वेगवान गोलंदाजाचा बॉल गुळगुळीत बाजूकडे जातो, मंद गोलंदाजाचा खडबडीत बाजूकडे. तुमची मुलं नेमकी मधल्या वेगात आहेत. त्यामुळे प्रत्येकाला दहा-बारा बॉल टाकायला लावून कुणाचा कुठे जातो ते वहीत लिहा. आधीच दिशा सांगू नका.

बॉल तयार करणं हा पाकिस्तानी परंपरेचा अर्धा भाग आहे. सर्फराज नवाजकडून इम्रान, इम्रानकडून अक्रम आणि वकार युनूस. आपल्या मैदानावर असं करा:

पहिल्या षटकापासून चकाकीची बाजू ठरवा. जी बाजू आधी घासली जाईल ती सोडून द्या, दुसरी जपा. पॉलिश करणारे दोनच, बाकी कुणी नाही. घाम फक्त चकचकीत बाजूला, तोही बोटाच्या टोकावर मावेल एवढा. खडबडीत बाजूला ओला हात लागला की संपलं, ती बाजू ओलावा धरते आणि फरक मिटतो. क्षेत्ररक्षकांनी बॉल सीमवर धरायचा, तळव्यात दाबून फिरवायचा नाही. निम्म्या वेळा गोंधळ इथेच होतो: मिडऑफचा मुलगा सवयीने दोन्ही बाजू पँटला घासतो आणि २० षटकांची मेहनत पाण्यात जाते.

थुंकी नाही. २०२० मध्ये कोविडमुळे बंदी आली आणि २०२२ पासून एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम ठरवणारा क्लब) नियमांतच ती कायमची आहे. नख, धूळ, बूट, झिप यांतलं काही चालत नाही, ५ धावांचा दंड बसतो. लांबून एकटप्पी थ्रो आला तर हरकत नाही, पण बॉल खरवडण्यासाठी मुद्दाम आपटला तर पंच थांबवतात.

पुण्यात मार्च ते मे हवा कोरडी, मुरमाड आउटफील्डवर २५-३० षटकांत फरक दिसू लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला दव असतं, तेव्हा हा प्रयोग करूच नका.

नेट्स_सहकारनगर

दोन बॉलची गोष्ट लक्षातच नव्हती, सत्रात घेतो. डावखुऱ्या मुलाची अडचण: राउंड द विकेट आला की बॉल सरळ लेगला जातो आणि फॉलो-थ्रूमध्ये खेळपट्टीवर धावतो. पंचांनी दोनदा ताकीद दिली.

डावखुरा_एरंडवणे

आधी राउंड का, ते त्याला समजू दे. डावखुरा ओव्हर द विकेट, म्हणजे स्टंपच्या उजवीकडून, आला की उजव्या फलंदाजाला बॉल आडवा जातो. न वळता स्टंपला लागणारा बॉल बहुतेक वेळा लेगस्टंपच्या बाहेर टप्पा खातो, म्हणजे पायचीत मिळतच नाही. आत स्विंग हवाच. राउंडवरून कोनच आत येणारा असतो, फलंदाजाला तो खेळावाच लागतो. तिथून बॉल बाहेर निघाला तर ऑफस्टंप, आणखी आत आला तर आतली कड. लॅम्ब पहिल्या प्रकाराने गेला, लुइस दुसऱ्या. दोन्ही क्लिप सलग दाखवा, एकच कोन आणि दोन शेवट.

लॅम्बसारखा बॉल, म्हणजे राउंडवरून बाहेर जाणारा रिव्हर्स: चकचकीत बाजू ऑफकडे, सीम लेगस्लिपच्या दिशेला. ग्रिप इनस्विंगची, बॉल जातो बाहेर. चकाकी पाहून फलंदाज दिशा ओळखतो, म्हणून धावत येताना दुसऱ्या हाताने बॉल झाका. अक्रम तर राउंडला अंपायरच्या मागून यायचा, फलंदाजाला हात दिसेपर्यंत बॉल सुटलेला असायचा. पण मुलाला लगेच अंपायरच्या मागून धावायला लावू नका, रनअप आधीच बिघडलेला आहे.

लेगला का जातो? क्रीजवर फार बाहेरून टाकतोय आणि कोन भरून काढायला मनगट आडवं पाडतोय. उपाय: मागचा पाय स्टंपच्या जवळ आणा. रिटर्न क्रीज (बाजूची उभी रेघ) मधल्या स्टंपपासून १.३२ मीटरवर आहे, तिला मागचा पाय लागला तर नो-बॉल. सुरुवातीला या अंतराच्या मध्यावर खूण करून तिथे मागचा पाय पाडायला सांगा. लक्ष्य मिडल स्टंप नाही, चौथा स्टंप (ऑफस्टंपच्या जरा बाहेरची कल्पित जागा). कोन उरलेलं काम करतो.

ताकीद गंभीर आहे. धोक्याचा पट्टा (जिथे गोलंदाजाने धावायचं नसतं) पॉपिंग क्रीजपासून, म्हणजे पुढच्या रेघेपासून, १.५२ मीटरवर सुरू होतो, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटीमीटर. पहिली ताकीद, मग शेवटची, तिसऱ्यांदा त्या डावात गोलंदाजी बंद. राउंडवरून डावखुरा साहजिकच आत पडतो, कारण शरीर लक्ष्याकडे ओढलं जातं. पुढचा पाय पडल्यावर तिसऱ्या पावलाला डावीकडे बाहेर पडायची सवय लावा. क्रीजपासून १.५२ मीटरवर दोन शंकू ठेवा आणि त्यांच्या डावीकडून बाहेर पडायला लावा. आधी चालत, मग अर्ध्या वेगाने, बॉल न टाकता. बॉल शेवटी हातात द्या. घाईत उलटं करतात आणि मग तीन महिने तेच चालू राहतं.

मनगट: अक्रमचा हात जोरात फिरायचा हे सगळे सांगतात. मुलांना हात जोरात फिरवायला सांगितलं की खांदा दुखतो, हे कुणी सांगत नाही. मनगट सीमच्या मागे उभं राहिलं का एवढंच बघा. सीमवर टेप लावून पाच मीटरवरून टाकायला लावा, डोलली तर दिसतेच.

इन्सुलिन_आणि_इनस्विंग

मधुमेहाबद्दल. अक्रमला १९९७ मध्ये निदान झालं, वय तिशीचं. त्यानंतर सहा वर्षं तो आंतरराष्ट्रीय खेळला. वर दिलेल्या दोन्ही कसोटी हॅट्ट्रिक, १९९९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातलं कर्णधारपद आणि ५०० वा वनडे बळी हे सगळं निदानानंतरचं. पालकांना हा क्रम सांगा, पण "अक्रमला जमलं म्हणजे तुलाही जमेल" असं म्हणू नका. इन्सुलिनचं वेळापत्रक त्याचे डॉक्टर ठरवतील.

मैदानावर तुमचं काम: खेळण्याआधी, मधल्या विश्रांतीत आणि नंतर साखर तपासणं. ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम साखर (तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात), १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तोवर मैदानाबाहेर. डबा डगआउटमध्ये हवा, गाडीत नाही. इन्सुलिन उन्हात ठेवू नका, एप्रिलच्या पुण्यात ते खराब होतं. घाम, थरथर, विचित्र चिडचिड दिसली तर "नाटकं करतोय" म्हणू नका. आणि रात्रीची साखर: दुपारी जास्त खेळलेल्या मुलाची झोपेत खाली येऊ शकते, पालकांना त्या दिवशी मेसेज करा. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट १०८.

मिडऑन_पौडरोड

फिक्सिंगबद्दल जुनाचेंडूशी असहमत. मुलं फोनवर वाचतातच. दोन मिनिटांत सांगता येतं: पाकिस्तानातल्या फिक्सिंगची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती कय्यूम यांचा अहवाल मे २००० मध्ये जाहीर झाला. माजी कर्णधार सलीम मलिकवर आजीवन बंदीची शिफारस झाली. अक्रमविरुद्धचे आरोप सिद्ध झाले नाहीत, पण तो संशयापलीकडे आहे असंही अहवालाने म्हटलं नाही. कर्णधारपद देऊ नये, लक्ष ठेवावं आणि ३ लाख रुपये दंड, अशी शिफारस होती. तेवढंच. आपलं मत जोडू नका.

बॉल टॅम्परिंगला (बॉलशी छेडछाड) मात्र जरा जास्त वेळ द्या. १९९२ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सच्या वनडेत पंचांनी बॉल बदलला, कारण अधिकृतपणे जाहीर झालंच नाही, आणि वर्तमानपत्रांनी वसीम-वकारला गुन्हेगार ठरवून टाकलं. त्या मालिकेत अक्रमने ४ कसोटींत २१ बळी घेतले होते. पुढे इंग्लंडचे गोलंदाज रिव्हर्स करू लागले तेव्हा त्याला कौशल्य म्हटलं गेलं. दुसरी बाजूही सांगा: १९९० मध्ये फैसलाबादला न्यूझीलंडच्या ख्रिस प्रिंगलने बाटलीच्या झाकणाने बॉल खरवडला आणि नंतर स्वतः कबूल केलं.

जुनाचेंडू

दोन बॉलचं मान्य. फिक्सिंगवर दोन मिनिटं असतील तर तीही मान्य.

भारतातली क्लिप हवी असेल तर जानेवारी १९९९ ची चेन्नई कसोटी घ्या, पाकिस्तान १२ धावांनी जिंकलं ती. दुसऱ्या डावात द्रविडचा त्रिफळा. त्या आधीचे दोन-तीन चेंडू कापू नका. फक्त स्टंप उडालेला दाखवला तर मुलं यॉर्कर मागत बसतील, आणि तो बॉल यॉर्कर नव्हता.