मदत हवी आहे: टेस्ट रनच्या रिझल्ट फाइल्स कशा आणि किती दिवस ठेवायच्या?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीजवळच्या गावी राहून पुण्यातल्या एका टीमसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. साधारण ४०० टेस्ट रोज रात्री २ वाजता घरच्याच मशीनवर प्लेराइटमधून (वेबसाइट आपोआप तपासणारं टूल) चालतात.

गेल्या आठवड्यात पेमेंटची एक टेस्ट फेल झाल्याचा मेसेज रात्री फोनवर आला. थोड्याच वेळात लाइट गेली, पहाटे आली. मशीन सुरू झाल्याबरोबर माझ्या स्क्रिप्टने सगळा रन नव्याने लावला. नवा रन सुरू होताना प्लेराइट आधीचं आउटपुट फोल्डर रिकामं करतं, हे मला माहीत नव्हतं. रात्रीचा व्हिडिओ, ट्रेस (टेस्टच्या प्रत्येक पायरीची नोंद), सगळं गेलं. आणि या वेळी टेस्ट पास! डेव्हलपर पुरावा मागतोय, तो बरोबरच आहे. पण पैसे कापले जाण्याशी संबंधित चूक अशी निसटली याचं मला फार वाईट वाटतंय.

त्यानंतर मी प्रत्येक रनला वेगळं फोल्डर दिलं आणि सगळ्या टेस्टचे व्हिडिओ चालू ठेवले. ११ दिवसांत डिस्क भरली. ऑफिसच्या सर्व्हरवर झिप पाठवावी तर पावसात नेट मध्येच तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काय ठेवावं, काय पुसावं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
ताई, निकाल आणि पुरावा वेगळे धरा. निकालाची एक्सएमएल फाइल अगदी लहान असते, ती वर्षभर ठेवा. कुठली टेस्ट कधीपासून बिघडली ते तिच्यातूनच कळतं. व्हिडिओ आणि ट्रेसला 'रिटेन-ऑन-फेल्युअर' लावा, म्हणजे पास झालेल्यांचे आपोआप जातील. उरलेले १५ दिवसांनी पुसा, पण बग उघडा असेल तर हात लावू नका. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, वेळ. क्रम आपोआप लागतो. विंडोज असेल तर वेळेत विसर्गचिन्हासारखा कोलन चालत नाही. झिप कशाला करता? ट्रेस मुळातच झिप असतो. फाइल पाठवायला आरसिंक हे टूल वापरा आणि त्याला 'पार्शल' पर्याय द्या, तुटलं तिथून पुढे जातं.

प्रतिसाद २:
एक राहिलं. ती एक्सएमएल रन संपल्यावरच लिहिली जाते, म्हणजे मध्ये लाइट गेली की हाती काहीच नाही. छोटा कस्टम रिपोर्टर (निकाल टिपणारा आपला कोड) लिहून प्रत्येक टेस्ट संपताच एक ओळ फाइलला जोडत जा. आणि कुणी सांगितलं तरी या फाइल्स गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) टाकू नका. नंतर पुसल्या तरी इतिहासात राहतात आणि रेपो (कोडचा साठा) फुगतो.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. रिपोर्टर आजच लिहिते. मशीन सुरू होताच रन लावणारी ओळही काढून टाकली. फक्त एक विचारायचंय: अर्धवट राहिलेल्या रनचं फोल्डर वेगळं ओळखू यावं म्हणून तुम्ही काय खूण ठेवता?