कॅश फ्लो तिप्पट, म्हणून बँक ठणठणीत?

इतवारीचा मुनीम: काल इथे कोणीतरी आपल्या नागपूर शहरातल्या एका नागरी सहकारी बँकेचा अहवाल टाकला. 'फ्री कॅश फ्लो तिप्पट, बँक ठणठणीत, एफडी तोडून इकडे आणा.' फ्री कॅश फ्लो म्हणजे धंद्यातून आलेल्या रोखीतून भांडवली खर्च वजा जाता उरलेली रोख. राजे हो, बँक म्हणजे बुटीबोरीचा कारखाना आहे काय? बँकेच्या रोख प्रवाह पत्रकात ठेवींची वाढ मिळवतात, कर्जाची वाढ वजा करतात. ठेवी १०० कोटींनी वाढल्या आणि कर्ज ३० कोटींनीच वाढलं, की ७० कोटींचा 'प्रवाह' तयार. तो पैसा ठेवीदारांचा, व्याजासकट परत द्यायचा. कर्जाला गिऱ्हाईक नसलेली बँक त्यात झकास दिसते, जोमानं कर्ज वाटणारी उणे. त्यातून भांडवली खर्च वजा करा म्हणे! तो केवढा, दोन एटीएम आणि शाखेचं फर्निचर.

धरमपेठकर: ती पोस्ट माझी. एवढं तोंडसुख घ्यायचं कारण नव्हतं. नफा कागदावर फुगवता येतो, म्हणून रोख पाहिली. शिवाय निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेलं थकीत कर्ज, शून्य आहे, चौकात फ्लेक्स लागलाय.

इतवारीचा मुनीम: फ्लेक्स! ढोबळ एनपीए, म्हणजे सगळं थकीत कर्ज, ९ टक्के असला आणि तेवढीच तरतूद केली, म्हणजे बुडीत धरून नफ्यातून तेवढी रक्कम बाजूला ठेवली, तरी निव्वळ शून्यच येतो. ढोबळ किती?

महालवासी: पूर्ण तरतूद केली म्हणजे संचालकांनी चोख काम केलं. त्यात वाईट काय?

इतवारीचा मुनीम: वाईट नाही, मान्य. पण कॅश फ्लो काढताना हीच तरतूद नफ्यात परत मिळवतात. घसारा, म्हणजे वस्तूंची झीज, मिळवला तर चालतं. तरतूद म्हणजे बुडत चाललेलं कर्ज, ते मिळवून कोणाचं पोट भरणार?

बर्डीवाला: तुम्ही आकड्यांवर भांडून राहिले. आकड्यामागे मालच नसला तर? २००२ आठवा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेनं दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. कोर्टाचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये!

महालवासी: झालं, आली जिल्हा बँक. ती शेतकऱ्यांची, इथे विषय नागरी बँकेचा.

बर्डीवाला: नागरी पाहिजे? पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप. बँक घ्या, सप्टेंबर २०१९. बहुतांश कर्ज एकाच बिल्डर गटाला, ते लपवायला हजारो बनावट खाती. सुरुवातीला ठेवीदाराला काढता आले १००० रुपये.

महालवासी: ती मुंबईची.

बर्डीवाला: नागपूरची सांगितली तर नागरी नाही, नागरी सांगितली तर नागपूरची नाही. संचालक मंडळात आहे काय बे तू?

महालवासी: बे-बे घरी करा. आणि ठेवींच्या विम्याचं का नाही सांगत?

बर्डीवाला: सांगतो ना. फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख, त्या बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल-व्याज धरून. वरचं देवावर.

इतवारीचा मुनीम: भांडण झालं असेल तर अहवाल उघडा. ढोबळ एनपीए तीन वर्षांचा पाहा. सगळ्यात मोठ्या २० कर्जदारांकडे किती टक्के कर्ज आहे ते पाहा. एनपीएवरचं थकीत व्याज ताळेबंदात दोन्ही बाजूंना असतं. ते दरवर्षी फुगत असेल तर वसुली झोपली आहे. सीआरएआर, म्हणजे जोखमीच्या मानानं बँकेचं स्वतःचं भांडवल, काठावर असेल तर लांबूनच नमस्कार. लेखापरीक्षकाचे शेरे सोडू नका, लेखापरीक्षणात 'अ' वर्ग मिळाला म्हणून तर मुळीच नाही.

धरमपेठकर: बरं बाबा, 'फ्री कॅश फ्लो' मागे घेतो. पण त्याच पत्रकात ठेवी-कर्जांच्या बदलाआधीचा आकडा असतो, तो तरी कामाचा?

इतवारीचा मुनीम: आहे की. त्यातून तरतूद वजा करून वाचा.

धरमपेठकर: म्हणजे फिरून नफ्यावरच! धन्य आहात. ढोबळ सापडला, पान ४७, तळटीप, ८.७ टक्के. फ्लेक्सवर मावला नसेल.