बिनपगारी दिवसाला सुट्टी म्हणू नका

खडूफळा:
परवा इथे एकाने लिहिलं होतं, "अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत तंगी आली की कुणाला काढत नाहीत, फर्लो देतात. महिन्याला दोन दिवस हक्काची सुट्टी, नोकरी शाबूत. आपल्याकडे असं का नाही?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

हक्काची सुट्टी कसली? फर्लो म्हणजे सक्तीची बिनपगारी रजा. 2009 साली राज्याने अनुदान कापल्यावर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने 1 सप्टेंबरपासून वर्षभरासाठी फर्लो लावली. वर्षाला 40 हजार डॉलरच्या आत पगार असला तर 11 दिवस, म्हणजे 4 टक्के कपात. 2 लाख 40 हजारांच्या वर असला तर 26 दिवस, 10 टक्के. त्यातच ऑगस्टमध्ये वरून आदेश आला की प्राध्यापकांनी हे दिवस वर्गाच्या दिवशी घ्यायचे नाहीत. म्हणजे तास तेवढेच, पेपर तपासणं तेवढंच. कमी झाला तो फक्त पगार. 24 सप्टेंबरला लोक वर्ग सोडून बाहेर पडले ते उगाच नाही. पगार कापायचा तर तसं तोंडावर सांगा ना.

हिशेबनीस:
फर्लो आणि पगारकपात एकच, हे तुम्ही कुठल्या हिशेबाने म्हणता? तिथे पेन्शन धरली ती जुन्याच पगारावर. मूळ पगाराला हात लागला नाही, वर्ष संपलं आणि योजनाही संपली. शिवाय जास्त पगारवाल्याचा जास्त कापला. कपात नको म्हणता, मग आधी घरी कोण गेलं असतं? हंगामी शिकवणारे आणि ऑफिसातले कारकून. कायम नोकरीतला प्राध्यापक नव्हे.

त्याच राज्यातल्या कॅल स्टेटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी त्याच वर्षी युनियनमध्ये मतदान करून महिन्याला दोन दिवस फर्लो स्वीकारली. तिथे वर्गही बुडले. फी भरणाऱ्या पोरांचं काय, हे तुमच्या लेखात कुठेच नाही.

खडूफळा:
पोरांचं म्हणताय? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात वर्ग बुडू दिले नाहीत, तरी नोव्हेंबरात 32 टक्के फीवाढ केलीच. फर्लोने पोरं वाचली, हे मला सांगू नका.

सातासमुद्रापार:
दोघंही प्राध्यापकांवरच बोलताय. मी 2020मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या ऑफिसात होते. नाव सांगत नाही. आमच्या फर्लोच्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही, मेल बघायची नाही, अशी लेखी ताकीद होती. कारण तिथे सरकारी नोकरीत बजेटपायी फर्लो दिली की त्या आठवड्यापुरता महिन्याच्या पगारावरचा माणूसही तासाच्या हिशेबात येतो, आणि काम केलं तर पैसे द्यावे लागतात.

एका शुक्रवारी संध्याकाळी एका मुलीचा फोनवर मेसेज आला, व्हिसाच्या कागदावर सही हवी होती, मुदत त्याच दिवशी संपत होती. मी स्वयंपाकघरात उभी, फोन हातात, आणि उत्तर द्यायला मनाई. शेवटी दिलंच. त्या अर्ध्या तासाचे पैसे मी मागितले नाहीत. सोमवारी टेबलावर दोन दिवसांचं काम साठलेलं होतं. ते काम कुणीच फर्लोवर पाठवलं नव्हतं.

तासिका_बारा:
तुमची वर्षाला 11 दिवसांची रडकथा वाचून संताप आला. मी नेट-सेट, पीएचडी करून नऊ वर्षं कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतोय. शिकवलेल्या तासाचेच पैसे. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, उन्हाळा बिनपगारी, परीक्षेच्या काळात तास नाहीत म्हणून तेही बिनपगारी. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, त्याच खुर्चीवर, त्याच माणसांसमोर. आमच्या फर्लोला कुणी नावसुद्धा दिलेलं नाही!

खडूफळा:
विषय अमेरिकेतल्या विद्यापीठांचा चाललाय. प्रत्येक धाग्यात सीएचबी आणायलाच हवी का?

तासिका_बारा:
हो, हवीच. "आपल्याकडे का नाही" हा प्रश्न तुम्हीच वर छापलाय. कायम नोकरीवाले एकमेकांच्या पेन्शनवर भांडताहेत आणि माझ्या आईने गेल्या मे महिन्यात तिच्या पाटल्या गहाण ठेवल्या. विषय सोडून बोलतोय मी?

हिशेबनीस:
भाषा जपून. पण मुद्दा सुटतोय. आपल्याकडे तंगीत काय होतं? मार्च 2020चा पगार राज्याने दोन टप्प्यांत दिला, अ आणि ब वर्गाला आधी निम्मा. उरलेला पुढे मिळायचा होता, म्हणजे ती फर्लो नव्हे. सीएचबीवाल्याला पहिला टप्पाच नाही, हे मात्र मान्य करावं लागेल.

सातासमुद्रापार:
तासिका, माझ्या 11 दिवसांवर बोललात असं वाटून वाईट वाटलं. माझे तेवढेही नव्हते. आमच्याकडे तासावर शिकवणाऱ्यांना फर्लो दिलीच नाही. पुढच्या सत्राला बोलावलंच नाही.

खडूफळा:
पेन्शनचा मुद्दा हिशेबनीसांचा बरोबर, मी तो लिहायला हवा होता. बाकी माझं म्हणणं तेच, काम कमी न करता पगार कापला तर ती सुट्टी नव्हे. तासिका, तुमच्यावर वसकायला नको होतं. पण त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

तासिका_बारा:
काढतो. आधी डिसेंबरचं बिल कुठे अडकलंय ते बघतो. कॉलेज म्हणतं वर पाठवलं, वरचे म्हणतात आलंच नाही. सोमवारी पहिल्या एसटीने जातोय.