बापाची कमाई कोणत्या वर्षाची धरायची?

खानापूरकर : ‘पोरगं पुण्याला लागलं आणि घर वर आलं’ असे आपल्या सीमाभागात सहज बोलले जाते, पण आईवडिलांच्या कमाईचा मुलांच्या कमाईवर किती पगडा राहतो, हे एका आकड्यात मोजण्याची रीत ठरलेली आहे. हा आकडा ०.४ असेल, तर ज्याच्या वडिलांची कमाई दहा टक्क्यांनी जास्त, त्याची स्वतःची सरासरीने चार टक्क्यांनी जास्त निघते. अमेरिकेतले जुने अभ्यास वडिलांची एकाच वर्षाची कमाई धरत आणि हा आकडा ०.२ च्या आसपास सांगत. अर्थशास्त्रज्ञ गॅरी सोलन यांनी १९९२ मध्ये अनेक वर्षांची सरासरी धरली, तेव्हा तो ०.४ किंवा त्याहून अधिक निघाला. बेळगाव जिल्ह्यातही पाहणी व्हावी आणि ती रुपयांतच व्हावी, असे माझे मत आहे.

निपाणीकर : साहेब, रुपये आणणार कुठून? माझी आई निपाणीत विड्या वळायची. हजारी मजुरी ठरलेली असली, तरी छाट, म्हणजे नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या, किती निघणार हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर असे, आणि पान कमी पडले तर ते पदरच्या पैशाने आणावे लागे. वडील हंगामात तंबाखूच्या वखारीत आणि एरवी मिळेल त्या कामावर जात. त्यांची कमाई मला आज कोणी विचारली, तर मी अंदाजच सांगेन; वडील चौथी शिकले आणि आई शाळेत गेलीच नाही, हे मात्र खात्रीने सांगेन. भारतातले अभ्यासक बहुधा शिक्षण किंवा व्यवसाय धरतात, ते याचमुळे.

खानापूरकर : ताई, छाटीचा मुद्दा मान्य. परंतु बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सातवी पास मोल्डरने (साचे करणाऱ्या कामगाराने) घर बांधले आणि त्याचा पदवीधर मुलगा कंत्राटी पगारावर भाड्याच्या खोलीत राहतो, अशा घराला तुमची शिक्षणाची मोजपट्टी प्रगतीच म्हणणार. शिवाय एका छताखाली राहणाऱ्या बापलेकांचीच जोडी पाहणीत सापडते. पुण्याला गेलेला धाकटा आणि चंदगडला दिलेली लेक त्यात येतच नाहीत.

शहापूरकर : लेक सुटते ही चूक दोन्ही मोजपट्ट्यांत होईल; ती पाहणीची आहे, मापाची नव्हे. रुपयांऐवजी क्रमांक लावावा, म्हणजे बाप त्याच्या पिढीत शंभरात कितवा आणि मूल आपल्या पिढीत कितवे, हे पाहावे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कराच्या नोंदींवरून तसेच केले.

आमच्या काकांनी माग विकला त्या वर्षी घरात एक रुपया आला नाही. रुपयांच्या रीतीत कमाईचा लॉगरिदम (टक्क्यांतला फरक मोजण्यासाठीचे गणिती रूप) घ्यावा लागतो आणि शून्याचा तो निघतच नाही, म्हणून ते वर्ष हिशेबातून गळते. क्रमांकात काका निदान शेवटच्या पायरीवर तरी दिसतील.